प्रोस्टेट कॅन्सरवरच्या अगदी सुरुवातीच्या संशोधनाला पैसे द्यायचेत, कुठे आणि कसे?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

माझे वडील गेल्या वर्षी प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले. कळलं तेव्हाच हाडांत पसरलेलं होतं, कारण कंबर दुखते म्हणून मलम झालं, पट्टा झाला, मालिश झालं आणि मग कुणीतरी पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) करा म्हणालं. पुढे इंजेक्शनं, अबिरॅटेरोनच्या गोळ्या, शेवटी शेवटी ल्युटेशियम या किरणोत्सारी औषधाचे डोस, असं सगळं झालं, पण खरं सांगते, वर्षं चांगली मिळाली. नातीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभे होते. बाबा जिल्हा बँकेतले, आकड्यांचा माणूस, पीएसएचा प्रत्येक आकडा कालनिर्णयच्या मागे दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिलेला असायचा आणि आकडा खाली आला की त्याखाली दोन रेघा मारायचे.

तर त्यांची एक एफडी होती, ती मोडून १२ लाख आलेत. आम्ही तिघं, मी पुण्यात, ताई बेळगावला, दादा न्यू जर्सीत. बाबांनीच सांगून ठेवलं होतं की देवळाला नको, शाळेच्या खोलीला नको, 'या रोगावर कोण शोधतंय बघ आणि त्याला दे'. दादा म्हणतो अमेरिकेतल्या फाउंडेशनला देऊन मोकळे होऊ. ताई म्हणते गरीब पेशंटच्या औषधाला द्या. मला मात्र वाटतंय की ज्या कामाला अजून कुठलीच कंपनी हात लावणार नाही, म्हणजे नुसती कल्पना आहे, उंदरापर्यंतसुद्धा गेलेली नाही, अशा कामाला द्यावेत. पण १२ लाखांत तिथे काही होतं का, की दर्यामें खसखस? एका ठिकाणी फोन केला होता तर त्यांनी सगळ्यात आधी कोनशिलेचे रेट सांगितले, वरच्या मजल्यावर इतके, लिफ्टसमोर इतके. तिथेच मन उडालं.

कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया सांगा. इंग्रजीतलं गुगल करून झालंय, डोकं गरगरतंय.

पेट्रीडिश

कृष्णाकाठ ताई, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. मी पीएचडी प्रोस्टेटवरच केली आणि आता दुसऱ्या कॅन्सरवर काम करतो, त्यामुळे ज्यांना पैसे मिळतील त्यांच्यात मी नाही, मोकळेपणाने लिहितो. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी आकडे, कारण बाबा बँकेतले. आपल्याकडे लॅबमधलं खरं काम जेआरएफ, म्हणजे फेलोशिपवर पीएचडी करणारा मुलगा करतो, त्याचा स्टायपेंड महिन्याला ३७,००० रुपये, मोठ्या शहरात एचआरए धरला तर वर्षाचे साडेपाच लाखांच्या पुढे जातात. म्हणजे एका मुलाला दोन वर्षं ठेवलं की तुमचे १२ लाख संपले आणि त्याच्या हातात काम करायला काहीच नाही. उलट बाजूने बघा. सरकारी ग्रँटवर मुलगा आधीच आहे, त्याला एक कल्पना सुचलीये, पण मंजूर बजेटमध्ये त्या कल्पनेसाठी एक पैसा नाही. चांगल्या अँटीबॉडीची (ठरावीक प्रोटीनला चिकटणारा रेणू) एवढीशी कुपी चाळीस-पन्नास हजार. पेशी वाढवायला जो सीरम लागतो त्याची अर्ध्या लिटरची बाटली त्याच घरातली. सगळं बाहेरून ड्राय आइसमध्ये येणार, कस्टममध्ये अडकलं आणि बर्फ संपला की रामराम. (२०२४ च्या जुलैच्या बजेटमध्ये लॅब केमिकल्सवरची कस्टम ड्यूटी १० वरून १५० टक्के केली होती, सगळ्या लॅबनी बोंब मारल्यावर ऑगस्टमध्ये मागे घेतली, त्या महिन्यात आमच्या ग्रुपवर नुसता शिमगा.) तर त्या मुलाला तीन-चार लाख मिळाले तर तो सहा-आठ महिन्यांत सांगू शकतो की कल्पनेत दम आहे की नाही. म्हणून म्हणतो, खसखस नाहीये, फक्त पगारात घालू नका, कन्झ्युमेबल्समध्ये, म्हणजे वापरून संपणाऱ्या लॅबच्या सामानात घाला.

आता सुरुवातीच्या कामालाच पैसे का मिळत नाहीत. संशोधनाला पैसे देणाऱ्या कुठल्याही सरकारी संस्थेकडे अर्ज करा, एएनआरएफ म्हणजे आपलं जुनं एसईआरबी असो की आयसीएमआर, कमिटी विचारते प्रिलिमिनरी डेटा (सुरुवातीचे निकाल) काय आहे? डेटा दाखवायला प्रयोग हवा, प्रयोगाला पैसे हवेत, पैशाला डेटा हवा. आधी कळस मग पाया. त्यात मंजूर झालं तरी दुसरा हप्ता कधी येईल ते ब्रह्मदेवाला माहीत, आणि आला तर मार्च एंडिंगच्या तोंडावर, खर्च करा नाहीतर परत करा. मग गाइड काय करतो, सेफ प्रोजेक्ट लिहितो, ज्याचं उत्तर अर्धं आधीच माहितीये असा. वेडी कल्पना वहीतच राहते.

आणि तुमच्या बाबांना ल्युटेशियम दिलं म्हणालात म्हणून त्याचीच गोष्ट सांगतो. १९७७ साली अमेरिकेत बफेलोच्या रॉसवेल पार्कमध्ये एका पन्नाशीतल्या पेशंटच्या कॉलरबोनच्या वरच्या गाठीतून सुईने थोड्या पेशी काढल्या आणि त्या बाटलीत वाढवल्या. त्या पेशींचं नाव एलएनकॅप, आजही जगभर प्रोस्टेटवर काम करणारा प्रत्येक जण त्याच पेशी वापरतो, मीही वापरल्या, हट्टी असतात, हळू वाढतात, बाटली जरा जोरात ठेवली की सगळ्या सुटून तरंगायला लागतात. त्याच लोकांनी त्या पेशी उंदरांना टोचून १९८७ मध्ये एक अँटीबॉडी बनवली, ती प्रोस्टेटच्या पेशीवरच्या एका प्रोटीनला चिकटायची, त्यालाच पुढे पीएसएमए म्हणायला लागले. गंमत बघा, ती अँटीबॉडी प्रोटीनच्या पेशीच्या आत असलेल्या टोकाला चिकटायची, त्यामुळे जिवंत पेशीत ती पोचायचीच नाही, मेलेल्या फुटलेल्या पेशींनाच धरायची. म्हणजे औषध म्हणून जवळपास निरुपयोगी. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये त्या प्रोटीनचा जीन सापडला, मग बाहेरच्या टोकाला धरणाऱ्या अँटीबॉडी आल्या, मग जर्मनीत हायडेलबर्गला एक छोटासा रेणू बनवला जो त्या टोकात नेमका बसतो, त्याच्या शेपटीला ल्युटेशियम-१७७ अडकवलं, आणि मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडे काही हॉस्पिटलं त्याच्या आधीपासूनच देत होती, कारण ल्युटेशियम आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव रिॲक्टरमध्ये बनतं.

१९८७ ते २०२२. यातल्या पहिल्या पंधरा वर्षांत बहुतेक शहाण्या गुंतवणूकदारांनी यात पैसे घातले नसते. त्या काळात ज्यांनी घातले त्यात एक मायकेल मिल्कनचं फाउंडेशन. हा तोच अमेरिकेतला जंक बाँडवाला (जोखमीच्या कर्जरोख्यांचा व्यापारी), १९९३ मध्ये तुरुंगातून सुटला आणि त्याच वर्षी वयाच्या ४६ व्या वर्षी प्रोस्टेट कॅन्सर निघाला. त्याने प्रोस्टेट कॅन्सर फाउंडेशन (तेव्हा नाव कॅप क्युअर) काढलं आणि नियम केला की अर्ज पाच पानांचा, निकाल झटपट, आणि पैसे घेतलेत तर निष्कर्ष एकमेकांना सांगायचे. त्यांचं यंग इन्व्हेस्टिगेटर अवॉर्ड आहे, तीन वर्षांना २,२५,००० डॉलर, ते बहुतेक तरुण पोरांना मिळतं ज्यांच्या नावावर अजून मोठं काही नसतं. दादा त्याच फाउंडेशनबद्दल म्हणत असेल तर जागा वाईट नाही, फक्त तिथे तुमचे १२ लाख म्हणजे खरंच खसखस.

आणखी एक, मग थांबतो. एलएनकॅप, पीसी-३, डीयू-१४५ या तिन्ही प्रसिद्ध सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) गोऱ्या पेशंटच्या आहेत. आपल्या माणसांचा प्रोस्टेट कॅन्सर तसाच वागतो का यावर काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कानपूर आयआयटीत बुशरा अतीक यांची लॅब आहे, त्यांना २०२० चं भटनागर पारितोषिक मिळालं. स्पिंक-१ नावाचा जीन वाढलेले जे ट्यूमर असतात त्यावर त्यांचं काम आहे, आणि त्यांनी दाखवलं की हॉर्मोन दाबणाऱ्या औषधांमुळेच हा जीन डोकं वर काढतो. हे अगदी मुळातलं काम, आणि इथल्या इथे झालेलं. खारघरला ॲक्ट्रेक आहेच, टाटा मेमोरियलचंच संशोधन केंद्र. तिथूनच चौकशी सुरू करा असं मी म्हणेन.

रोखठोक नाना

पेट्रीडिश यांनी छान लिहिलंय पण नाण्याची दुसरी बाजू कोणी सांगणार आहे का? एन्झॅल्युटामाइड नावाची गोळी आहे, बाबांना दिली नसेल तर ऐकलं तरी असेल. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीत शोधली, सरकारी पैसा, लष्कराचा पैसा आणि वर सांगितलेल्या फाउंडेशनचासुद्धा पैसा. २०१२ ला बाजारात आली. २०१६ मध्ये यूसीएलए वगैरेंनी रॉयल्टीचा हक्क १.१४ अब्ज डॉलरला विकून टाकला, त्याच वर्षी फायझरने ती गोळी बाजारात आणणारी मूळ कंपनी १४ अब्ज डॉलरला घेतली. अमेरिकेतल्या पेशंटनी सरकारला अर्ज केला की आमच्या करातून शोधलेलं औषध आम्हालाच परवडत नाही, पेटंटमध्ये हस्तक्षेप करा, तर २०२३ मध्ये एनआयएचने, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने, तो अर्ज फेटाळला. आणि तीच युनिव्हर्सिटी आपल्याकडे पेटंट मागायला आली होती बरं का, आपल्या पेटंट ऑफिसने २०१६ मध्ये नाही म्हटलं, तेवढं बरं.

म्हणजे सुरुवातीची जोखीम दानशूर लोकांनी घ्यायची आणि मलई खायला दुसरे. ताई, भावनेच्या भरात देऊ नका. बाबांचा पैसा आहे.

पेट्रीडिश

नाना, एकही मुद्दा खोटा नाही. पण त्याच गोष्टीत हेही आहे की ते फुकटचे पैसे नसते तर ती गोळी फळ्यावरच राहिली असती, कारण तेव्हा मोठ्या कंपन्यांचं मत होतं की हॉर्मोन बंद केल्यावरही जो ट्यूमर वाढतो त्याला हॉर्मोनचं काही देणंघेणं नाही. ते मत चुकीचं निघालं ते अशाच कामातून. ताईंनी करारात घालून घ्यावं की या पैशातून पेटंट निघालंच तर भारतात ते परवडेल अशा दरात मिळेल अशी अट असावी. संस्था कुरकुर करतील, तरी मागावं. १२ लाखांना कितपत ऐकतील देव जाणे.

जर्सीवाला काका

धागा बघून राहवलं नाही. मी मूळचा साताऱ्याचा, पस्तीसेक वर्षं इकडे. मला स्वतःला प्रोस्टेट कॅन्सर झाला होता, ऑपरेशन झालं, ठीक आहे. नानांनी लष्कराचा पैसा म्हटलं त्यात मी बसलोय म्हणून सांगतो. अमेरिकेच्या डिफेन्स डिपार्टमेंटचा प्रोस्टेट कॅन्सर रिसर्च प्रोग्राम आहे, १९९७ मध्ये साडेचार कोटी डॉलरने सुरू झाला, पेशंट संघटनांनी काँग्रेसच्या मागे लागून लागून मिळवलेला. लष्कराचं काय काम इथे असं सगळे विचारतात, मीही विचारलं होतं, पण पैसा तिथून सुटला हे खरं.

त्यांच्याकडे एक गोष्ट अशी आहे जी तुम्ही १२ लाखांतसुद्धा करू शकता. अर्ज तपासणाऱ्या पॅनेलवर शास्त्रज्ञांबरोबर आमच्यासारखे पेशंट बसतात, कन्झ्युमर रिव्ह्यूअर म्हणतात, आणि आमच्या मार्काला शास्त्रज्ञांइतकंच वजन. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं हे नुसतं शोभेला बसवलंय. एक मोठा प्रोफेसर अर्जाची स्तुती करत होता, मी विचारलं की हे जमलं तर माझ्यासारख्या माणसाचं नेमकं काय बदलेल, आणि अख्ख्या पॅनेलला धड उत्तर देता येईना. मार्क उतरले. आमच्यासाठी प्रत्येक अर्जात साध्या भाषेत एक पान लिहावंच लागतं आणि आश्चर्य म्हणजे बरेच हुशार लोक तिथेच आडवे होतात.

तर ताई, ज्या लॅबला द्याल त्यांना सांगा, साध्या मराठीत किंवा हिंदीत एक पान लिहून द्या. काय शोधताय, चुकलं तर कसं कळेल, आणि जमलं तर पुढचे पैसे कोण देईल. तिसरा प्रश्न विसरू नका. लिहून देणार नाहीत तिथे देऊ नका. दादाला माझा नमस्कार, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तर इकडचं काय ते मी सांगेन.

डॉ. खडीसाखर

मी कॅन्सरचा डॉक्टर आहे, प्रयोगशाळेचा माणूस नाही, त्यामुळे माझं मत जरा वेगळं पडेल. कृष्णाकाठ, तुमचे वडील अबिरॅटेरोन घ्यायचे म्हणजे रोज पहाटे उठून उपाशीपोटी चार गोळ्या आणि मग तासभर चहा नाही, असंच ना? म्हातारी माणसं याला फार वैतागतात. आता बघा, हीच गोळी खाण्याबरोबर घेतली तर रक्तात कितीतरी पट जास्त उतरते, हलक्या जेवणाबरोबर पाचेक पट, तुपकट जेवणाबरोबर दहाच्या आसपास. म्हणून तर उपाशी घ्या म्हणतात, नाहीतर डोसचा भरवसा नाही. शिकागोच्या काही डॉक्टरांनी उलटा विचार केला की मग डोसच कमी करून नाश्त्याबरोबर का देऊ नये. १००० ऐवजी २५० मिलिग्रॅम. फक्त ७२ पेशंटवर करून बघितलं, २०१८ मध्ये छापलं, पीएसए दोन्हीकडे सारखाच खाली आला. एवढ्या छोट्या ट्रायलवरून किती जगतात ते ठरत नाही हे मान्य, पण आपल्याकडे ज्यांना पूर्ण डोस परवडत नाही त्यांच्यासाठी डॉक्टर आता याचा विचार करतात. (कुणी हे वाचून स्वतःच्या मनाने गोळ्या कमी करू नका प्लीज, आधी डॉक्टरांना विचारा.)

आता सांगा, आपलाच माल चौपट कमी खपेल असा ट्रायल कुठली कंपनी करेल? म्हणजे कंपनी हात लावत नाही असं काम फक्त उंदरांच्या आधी असतं असं नाही. टाटा मेमोरियलचा पीओपी-आरटी नावाचा ट्रायल घ्या, २२४ पेशंट, जास्त जोखमीच्या प्रोस्टेट कॅन्सरला नुसत्या ग्रंथीला शेक (रेडिएशन) द्यायचा की ओटीपोटातल्या लिम्फ नोड्सनाही, एवढाच प्रश्न. पाच वर्षांनी पीएसए परत न वाढलेले, लिम्फ नोड्सनाही शेक दिलेल्यांत ९५ टक्के, नुसत्या ग्रंथीला दिलेल्यांत ८१ टक्के. यात नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही, म्हणून यातून कुणाला रुपया सुटणार नाही, पण परिणाम दुसऱ्या दिवसापासून पेशंटला. पेट्रीडिशच्या गोष्टीत १९८७ ते २०२२ लागली. माझ्या ओपीडीत जो बसलाय त्याच्याकडे तेवढा वेळ नाही.

मूलभूत काम नको असं म्हणत नाहीये. पण ट्रायलमध्ये येणाऱ्या पेशंटच्या जाण्यायेण्याचा, राहण्याचा, जादा रक्ततपासणीचा खर्च, डेटा लिहिणाऱ्या एका मुलीचा पगार, एवढ्यावर छोटा ट्रायल उभा राहतो किंवा बसतो. तुमच्या १२ लाखांतला एक वाटा याला असू द्या.

गंगथडी

सगळे मोठ्या गोष्टी करायलेत म्हणून लिहितो. आमच्याकडे बीडला म्हाताऱ्याला रात्री पाच वेळा उठावं लागलं तरी घरात कुणाला सांगत नाही, वय झालं म्हणतात, लाज वाटते. लघवीत रक्त दिसल्यावर येतात नाहीतर चालता येईना झाल्यावर. माझा चुलता असाच गेला. संशोधन करा, पण गावात एखादा साधा माणूस बसून याबद्दल बोलला तर अर्धे लवकर येतील. ताई राग मानू नका.

डॉ. खडीसाखर

गंगथडी, राग कशाला, बरोबर आहे तुमचं. फक्त एवढंच की सरसकट सगळ्यांचा पीएसए काढत सुटायचं का यावर जगात अजून भांडण चालू आहे, कारण त्यात निरुपद्रवी कॅन्सरही सापडतात आणि लोक उगाच ऑपरेशन करून घेतात, मग लघवी गळते आणि बाकीच्या तक्रारी वेगळ्याच. इंग्लंडमध्ये ट्रान्सफॉर्म नावाचा ४२ मिलियन पाउंडचा ट्रायल याच प्रश्नासाठी काढलाय, पीएसए, झटपट एमआरआय, लाळेतली जनुकीय तपासणी यातलं कशाने नेमके धोक्याचे पकडता येतात ते बघायला. पण त्रास सुरू झाल्यावर दाखवा, हे सांगायला ट्रायल लागत नाही.

ताळेबंद

सीए आहे, मेडिकलमधलं शून्य कळतं, पण मुख्य गोम कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

१) दादा न्यू जर्सीत आहे म्हणालात. पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असेल, नुसता एनआरआय, तर त्याने बँकेतून दिलेला स्वतःचा पैसा परदेशी देणगी धरत नाहीत. पण अमेरिकन नागरिक झाला असेल, ओसीआय (भारतीय वंशाचं कार्ड असलेला) असला तरी, त्याचा पैसा एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येतो, म्हणजे घेणाऱ्या संस्थेकडे नोंदणी पाहिजे आणि पैसा त्यांच्या दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच यायला पाहिजे. काही सरकारी कायद्याने झालेल्या संस्थांना सूट आहे, ते संस्थेच्या अकाउंट्सकडून लेखी घ्या, तोंडी नको. आणि 'तो बहिणीला गिफ्ट पाठवेल आणि बहीण देईल' ही आयडिया इथे कुणीतरी देईलच, ती करू नका, नातेवाइकाला गिफ्ट चालतं पण देणगीसाठी ठरवून फिरवलेला पैसा उद्या संस्थेच्या गळ्याशी येतो. त्यापेक्षा त्याने त्याचा हिस्सा तिकडेच द्यावा, तिकडची करसवलतही मिळेल, सगळे खूश.

२) करसवलत. जुन्या १९६१ च्या कायद्यातले नंबर सांगतो कारण सगळ्यांच्या तोंडात तेच आहेत, १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आहे आणि नंबर बदललेत. ८०जीमध्ये बहुतेक संस्थांना ५० टक्के वजावट, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. धंद्याचं उत्पन्न नसेल आणि संस्था संशोधनासाठी मान्यताप्राप्त असेल तर ८०जीजीए, त्यात पूर्ण १०० टक्के. पण तुम्ही नव्या रिजीममध्ये असाल तर दोन्हीचं काही मिळत नाही, आणि आता बहुतेक पगारदार नव्या रिजीममध्येच आहेत. रोख दोन हजारांच्या वर देऊ नका. पावतीबरोबर फॉर्म १०बीई (देणगीचं सर्टिफिकेट) मागा, नुसत्या पावतीवर हल्ली वजावट बसत नाही.

३) एफडी बाबांची असली तरी आता पैसा वारसांचा. पावती बाबांच्या नावे मागू नका, पॅन तुमचा लागेल, 'यांच्या स्मरणार्थ' एवढं लिहून घ्या.

४) कुणाच्या मिस्टरांची कंपनी वगैरे असेल तर २०१९ पासून सीएसआरचा (कंपन्यांनी समाजकार्यासाठी काढायचा) पैसा सरकारी पैशावर चालणाऱ्या युनिव्हर्सिट्या, आयआयटी, अणुऊर्जा खात्याच्या आणि आयसीएमआरसारख्या संस्थांच्या संशोधनाला देता येतो. टाटा मेमोरियल अणुऊर्जा खात्याखाली येतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तुमचे १२ घालून मागणी केली तर एखादी कंपनी वर अजून घालते, बघितलंय मी.

कृष्णाकाठ

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार, ताईलाही धागा पाठवलाय, ती मोबाइलवर वाचतेय आणि मधेच फोन करून 'गंगथडी बरोबर बोलतोय' म्हणतेय.

दादा सिटिझन आहे, त्यामुळे ताळेबंद यांनी सांगितल्याप्रमाणे तो त्याचं तिकडेच देईल, जर्सीवाले काका, तो तुम्हाला लिहिणार आहे. इकडचे १२ आम्ही दोघी बघू. सध्या डोक्यात असं आहे की सात-आठ लाख कल्पनेच्या पातळीवरच्या कामाला, एकाच लॅबला न देता दोन छोट्या भागांत, फक्त कन्झ्युमेबल्स, आणि ते एक पान लिहून घेऊनच. उरलेले डॉक्टरांनी सांगितलं तसं एखाद्या ट्रायलमधल्या पेशंटच्या येण्याजाण्याला. हो डॉक्टर, चार गोळ्या आणि चहा नाही, अगदी तसंच. आई आधी उठून स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची, आल्याचा वास बाहेर जाऊ नये म्हणून.

नाना, पेटंटची अट मी घालून बघणार, हसले तर हसले. गंगथडी, राग अजिबात नाही, ताई आणि मी यावर वेगळं बोलतोय.

पेट्रीडिश, दोन प्रश्न राहिले. पैसे दिल्यावर ते मार्च एंडिंगच्या भानगडीत अडकू नयेत म्हणून काय करायचं? आणि दुसरं, बाबांच्या बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक आणि काचा घरी कपाटात आहेत, दुसरीकडे ओपिनियनला नेले होते तेव्हाचे. ते कुणाच्या कामाचे असतात का, की टाकून द्यायचे?

पेट्रीडिश

टाकू नका!! आधी त्याचंच सांगतो. हे ब्लॉक म्हणजे बाबांच्या ट्यूमरचा खरा तुकडा आहे, वर मी प्रसिद्ध सेल लाइन गोऱ्या पेशंटच्या म्हणालो ना, आपल्या माणसांच्या सॅम्पलचा दुष्काळ तो हाच. टाटा मेमोरियलमध्ये ट्यूमर टिश्यू रिपॉझिटरी आहे, मद्रास आयआयटीत नॅशनल कॅन्सर टिश्यू बायोबँक आहे, पण कुणीही घरून आलेला ब्लॉक थेट ठेवून घेत नाही, एथिक्स कमिटीची परवानगी आणि जवळच्या नातेवाइकाची संमती लागते. म्हणून ज्या लॅबशी तुमचं पैशाचं बोलणं होईल त्यांनाच विचारा की तुमच्या मंजूर प्रोटोकॉलमध्ये हे बसतं का. बसलं तर नुसत्या ब्लॉकपेक्षा त्याबरोबरची माहिती मोलाची, कधी कुठलं औषध चालू केलं, कधी बंद पडलं, पीएसए कधी किती. ती कालनिर्णयं ठेवली असतील तर मागच्या पानांचे फोटो काढून ठेवा. अशी सलग नोंद बऱ्याच हॉस्पिटलच्या फायलीतही सापडत नाही.

मार्चचं असं, सरकारी ग्रँटचा नियम देणगीला आपोआप लागू होत नाही, पण संस्थेचं अकाउंट्स सवयीने लावतं. म्हणून पत्रात स्पष्ट लिहून घ्या की न खर्च झालेली रक्कम पुढच्या वर्षी त्याच कामाला वापरता येईल, संस्था ओव्हरहेड म्हणून, म्हणजे स्वतःच्या खर्चासाठी, जास्तीत जास्त किती टक्के कापणार, आणि गाइड संस्था सोडून गेला तर उरलेल्याचं काय. शेवटचं कलम बहुतेक जण विसरतात आणि नेमकं तेच घडतं. पैसे दोन हप्त्यांत द्या, दुसरा हप्ता त्या एका पानाचा पुढचा भाग लिहून दिल्यावर, प्रयोग फसला असेल तरी द्या, फसला म्हणून अडवू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते पण सेफच लिहायला लागतील.

आणि ब्लॉक कपाटातच पण थंड जागी ठेवा, गॅलरीच्या बाजूचं कपाट असेल तर आजच हलवा, मेण असतं ते, पुण्याच्या मे महिन्यात मऊ पडतं. द्यायची वेळ आली की कुरियर करू नका, हाताने घेऊन जा, गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका, आणि पॅथॉलॉजी रिपोर्टची झेरॉक्स बरोबर ठेवा, ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर जुळतोय का ते निघायच्या आधी घरीच बघून घ्या.